आप्पांचा धूप आणि माझा जॉइंट

"मिस्त्री, पंधरा दिवसांत गॅस संपला. मागल्या खेपेला भरला तरी व्हता का?"

बसवराज फोनवर चिडलेला होता. भूमला त्याचं किराणा दुकान आहे. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या खोलीतला एसी तीन वर्षांपूर्वी मीच बसवला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो गार करेनासा व्हायचा आणि मी धाराशिवहून जाऊन गॅस भरून यायचो.

"अन् आप्पाला परत दम लागलाय. आता धूप बंदच करतो. तुमीच म्हणला होता ना?"

म्हणालो होतो. आप्पा रोज सकाळी दार लावून इष्टलिंगाची पूजा करतात. जमिनीवर चटई, डाव्या तळहातावर लिंग, समोर समई, बाजूला धूप. तासभर तरी चालतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना खोकला सुरू झाला. पूजेला बसलं की डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं. मी शिडीवरून बोलून गेलो, "आप्पा, धुपामुळं होतंय. एसीच्या जाळीवरबी काजळी बसती." मिस्त्री म्हणाला म्हणून घरच्यांनी धूप कमी केला. पुढं डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला. तरी खोकला थांबला नाही.

आमच्या धंद्यात 'टॉप-अप' हा शब्द फार सोयीचा आहे. कमी झालेला गॅस भरायचा आणि पुढच्या घरी जायचं. सीझनमध्ये दिवसाला सात-आठ कॉल असतात. लीक शोधायला अर्धा दिवस जातो. गॅस भरला की खोली लगेच गार होते, गिऱ्हाईक चहा देतं. खरं तर एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तोच गॅस आत-बाहेर फिरत राहतो. तो कमी झाला, तर कुठून तरी बाहेर गेलेला असतो. हे मला पहिल्या वर्षीही माहीत होतं.

भूमला पोहोचलो तेव्हा आप्पा पलंगावर टेकून बसले होते. चटई गुंडाळून ठेवलेली होती. समई सुनेनं ओसरीत नेली होती.

"ये," आप्पा म्हणाले. "माझा देव भाईर काढला ह्यांनी. आता तुझं यंत्र तेवढं ऱ्हायलंय खोलीत."

बसवराज म्हणाला, "आप्पा, उगं मिस्त्रीला बोलू नगा."

शिडी लावण्याआधी मी हत्यारं काढायला खाली बसलो, चटईच्या जागी. तिथून वर पाहिलं तेव्हा तीन वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. एसीच्या उजव्या कोपऱ्याखाली पाइपावरची पांढरी टेप काळपट, तेलकट झाली होती. गॅसबरोबर मशिनचं तेल फिरतं. जिथून गॅस जातो तिथं तेलाचा डाग पडतो. मी नेहमी शिडीवर असायचो. वरून तो डाग एसीच्या आड जायचा.

मी एसीचा मेन बंद केला, खिडकी उघडायला गेलो. ती उघडेना. फटींना थर्माकोल आणि चिकटपट्टी होती. तीही मीच लावायला सांगितली होती, गारवा जाऊ नये म्हणून.

पट्ट्या काढून खिडकी उघडली. शिडीवर चढून टेप सोडवली आणि जॉइंटवर साबणाचा फेस लावला. फेसाला बुडबुडे आले. तांब्याच्या पाइपाचं तोंड पसरून नटात आवळतात, तिथं बारीक चीर होती. जास्त आवळलं की अशी चीर पडते.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत तो खाली साचतो, पलंगावरच्याला कमी आणि जमिनीवरच्याला जास्त लागतो. त्यात ज्योत असेल तर तो जळून झोंबणारा, विषारी धूर होतो. हा गॅस पेटही घेऊ शकतो. आप्पा रोज त्यातच तोंड खाली करून बसत होते.

"काय निघालं? कंपनीचा फॉल्ट?" बसवराजनं विचारलं.

"जॉइंट लीक आहे," मी म्हणालो. हे खरं होतं, पण अर्धं.

पलंगावरून आवाज आला. "जॉइंट कुणी केलता?"

मी शिडीवरून खाली उतरलो. "मीच, आप्पा."

"अन् तीन साल नुस्ता गॅस भरत व्हतास?"

"हो."

बसवराज काहीतरी बोलणार होता. आप्पांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. कबूल केलं ना. आता नीट कर."

नवा जॉइंट केला. कुठं गळतंय का बघायला पाइपात नायट्रोजनचं प्रेशर देऊन दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. गेजचा काटा हलला नाही, मग गॅस वजन करून भरला. आप्पांना दवाखान्यात मीच बरोबर घेऊन गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. खोकला त्यामुळंच होता का, हे त्यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. महिन्याभरात तो बराच उतरला. पंप मात्र सुटला नाही. त्यातला माझा वाटा किती, ते मला कधीच कळणार नाही.

निघताना आप्पांनी विचारलं, "मंग धूप लावू का आता?"

"लावा. पण एसी बंद करून आन् खिडकी उघडून."

"गरम हुईल की."

"व्हय, होईल."

"होऊ दे," ते म्हणाले आणि चटई पसरायला सांगितली.

आता कुणी "दरवर्षीसारखा गॅस भरून जा" म्हणालं की मी आधी साबणाचं पाणी मागतो, आणि त्या खोलीत खाली कोण बसतं ते विचारतो. काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसरा मिस्त्री बोलावतात. तो दहा मिनिटांत गॅस भरून देतो. खोली लगेच गार होते.