माप न घेतलेला ब्लाऊज

खरात बाईंचा ब्लाऊज पहिल्याच दिवशी वर्गात उसवला, तो माझ्यामुळे. नंतर मी त्यांना सांगितलं की कापड आटलं. ते खोटं होतं. कापड टेरिकॉटचं होतं, आणि टेरिकॉट आटत नाही. खरं एवढंच की मी माप घेतलंच नव्हतं.

अंबडला कोर्टाच्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरचं दुकान. खरात बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यांचे ब्लाऊज वर्षानुवर्षं मीच शिवत होतो. आमच्या धंद्यात माप कसं घेतात, ते आधी सांगतो. त्या काळी बहुतेक बायका अंगाला टेप लावू देत नसत. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणून देत. त्यावरून आम्ही कागदावर खाका कापायचो आणि खिळ्याला टांगून ठेवायचो. पुढच्या खेपेला नुसतं कापड आलं तरी काम भागायचं. बाईंचा खाकाही असाच माझ्या खिळ्याला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. बाईंच्या उजव्या छातीत गाठ निघाली. जालन्याहून गाडीनं मनमाड, तिथून मुंबई. तिथं ऑपरेशन करून उजवी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या. मग कित्येक आठवडे मशीनखाली झोपवून किरणं दिली. पेशंट लोक त्याला 'लाईट' म्हणतात. गावाला सगळं माहीत होतं, पण कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नसे. "बाईला तो रोग झाला," एवढंच म्हणत, तेही आवाज खाली आणून.

शाळा उघडायच्या थोडं आधी बाई दुकानात आल्या. वाळल्या होत्या. डाव्या हातानं पदर उजव्या खांद्यावर घट्ट धरलेला. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. बाईंनी कापड काउंटरवर ठेवलं आणि वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"मास्तर, या वेळी माप नवीन घ्या. जुनं आता उपयोगाचं नाही."

टेप माझ्या गळ्यातच होता. हात तिकडं गेला नाही.

"कशाला बाई? खाका हाय की आपल्याकडं. एका अंगानं कमी करतो. अंदाज हाय मला."

"अंदाजानं बसेल?"

"बराबर बसतंय. बिलकुल काळजी करू नका."

बाईंनी आधी बाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

लाज वाटली म्हणून मी टेप उचलला नाही, असं पुढं बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिलो. पण त्याच दिवशी, नुसतं त्यांचं कापड बेतल्यावर, मी साबण लावून हात धुतले होते. लाजेपोटी कोणी हात धूत नाही.

अंदाज कुठं चुकला, ते सांगतो. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी उतरायची वाट बंद होते आणि हात सुजतो. बाईंचा उजवा हात दंडापाशी चांगलाच जाड झाला होता. मी बाही आणि मुंढा, म्हणजे जिथं बाही अंगाला जोडतात तो घेर, जुन्याच मापाचा ठेवला. उजव्या बाजूची चोळीची वाटी तेवढी छाटून टाकली. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर आकृती काढायला हात वर केला. मुंढा काखेत रुतला, शिवण टर्रकन उसवली. लाईटनं तिथली कातडी वांग्याच्या सालासारखी काळी आणि पातळ झालेली. ती सोलून निघाली. बाई छातीवर पदर दाबून वर्गातून बाहेर पडल्या.

जखम सुकायला फार दिवस लागले. हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात बसवलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तब्येत पहिली. हजेरीपत्रकं बघा, बसून काम करा. दिवाळीपर्यंत पाहू, नाहीतर भूमितीला दुसरं कोणी नेमू."

बाईंचे यजमान कोर्टात कारकून होते. त्यांनी तो ब्लाऊज आणून माझ्यासमोर ठेवला. तेव्हा मी म्हणालो, "कापड आटलं, साहेब." ते ब्लाऊज तिथंच ठेवून निघून गेले. दोन-तीन आठवड्यांनी बाई स्वतः आल्या.

"टेरिकॉट आटतं होय, मास्तर?"

"कधीमधी आटतंय, बाई."

"हो का? मग या खेपेला सुती घेऊ. भिजवून घ्या."

मला वाटलं होतं, त्या दुसऱ्या टेलरकडं जातील. तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, "आमचे हेही तेच म्हणतात. पण दुसऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्हाला एकदा सांगून झालंय." आणि मग त्यांनी खरी अडचण सांगितली. "मला माझा वर्ग परत पाहिजे. छातीवर पदर धरायला एक हात गुंतला की भूमिती शिकवता येत नाही. फळ्यावरचा लाकडी कंपास पाहिलाय ना? एका हातानं त्याचं टोक मध्यावर दाबायचं, दुसऱ्या हातानं खडू फिरवत वर न्यायचा. मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. एवढं करून द्या."

मी मान हलवली. माप घेतो मात्र अजूनही म्हणालो नाही.

दुकानामागंच आमचं घर. पडद्याआडून माझी बायको द्वारका सगळं ऐकत होती. बाई गेल्यावर ती बाहेर आली.

"कापड आटलं म्हने! आटलं ते तुमचं काळीज."

"हळू बोल."

"हळूच बोलून राह्यले. तुमच्या आजाच्या दुकानात बाईच्या वस्तीतले कपडे काठीनं उचलत व्हते, ते लोक इसरले न्हाईत. गळ्यातला टेप तुम्ही गळ्यातच ठेवला, बाईला काय वाटलं आसंल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई बौद्ध. धर्म बदलून त्यांच्या लोकांनी आमच्या आजोबांची काठी कधीच मागं टाकली होती. ती काठी आमच्याच घरात राहिली होती, असं मला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी मी द्वारकेला बाईंकडं पाठवलं. पडद्याआड माप घेऊ, टेप द्वारका लावील आणि मी बाहेर बसून आकडे लिहीन, असा निरोप दिला. माफी मात्र मागितली नाही. काम चांगलं करून दिलं की ते भरून निघेल, असा हिशेब केला.

माप घेताना पहिला धडा बाईंनीच दिला. द्वारकेनं हात खाली सोडून माप घेतलं तेव्हा पडद्याआडून बाई म्हणाल्या, "वहिनी, मी हात खाली सोडून शिकवत नाही. वर धरल्यावर घ्या." आम्ही शिंपी जन्मभर लोकांना सरळ उभं करून मापं घेतो. हात वर नेल्यावर काखेपासून कंबरेपर्यंतचं कापड किती ओढलं जातं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. फरक ऐकून मी आकडा दोनदा विचारला.

उपाय मला आमच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या बंडीत सापडला. बंडीच्या काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा तिरपा बसवतात. त्याला चौबगला म्हणतात. मोट हाकताना, पेंढ्या वर फेकताना हात कितीही वर गेला तरी बंडी कंबरेतून उचलली जात नाही ती त्यामुळे. ब्लाऊजला चौबगला कोणी लावत नाही, कारण तो दिसायला ढगळ दिसतो. मी लावला, पण आतल्या अंगाला घडी घालून. हात खाली असला की तुकडा मिटतो, वर गेला की उघडतो. शिवणी सगळ्या उलट्या घेतल्या, म्हणजे शिवणीचा कडक काठ बाहेर आणि अंगाला लागतं ते सपाट कापड. अस्तर धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचं.

हाताचा प्रश्न सुटला. छातीची बाजू राहिली.

पहिल्या ट्रायलला मी कापसाची गादी करून आतल्या खिशात घातली. उभं राहिलं की ठीक. बाईंनी हात वर केला आणि कापूस गळ्यापाशी आला. पडद्याआड दोघी हसायला लागल्या.

"मास्तर," बाई आतून म्हणाल्या, "हा पाहुणा खांद्यावर येऊन बसलाय."

हसून झाल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एका अंगाचं वजन गेल्यापासून त्यांचा उजवा खांदा वर चढत होता आणि मान आखडत होती. कापसाला वजनच नव्हतं. म्हणजे नुसता आकार देऊन भागणार नव्हतं, तोल पाहिजे होता. मी ज्वारी भरून पाहिली. ती टोचली. शिवाय घामानं आंबूस वास मारायला लागली. धुतलेली वाळू भरली तर एखाद्या गोणीसारखी खाली बसली. मी हात टेकले.

द्वारका म्हणाली, "मोहरी भरा की."

"फोडणी घालायची हाय का?"

"लेकरू झालं तवा त्याच्या डोक्याखाली काय ठेवलं व्हतं? मोहरीची उशी. डोकं जिकडं वळंल तिकडं मोहरी सरकती, टोचत न्हाई, थंड राहती. लेकराच्या टाळूला चालती, तर बाईला चालंल."

चालली. मोहरी गोल, गुळगुळीत. अंगाच्या हालचालीबरोबर सरकते आणि पुन्हा जागेवर येते. वजन डाव्या बाजूच्या जोडीला येईपर्यंत आम्ही चमच्या-चमच्यानं कमीजास्त केली. नाडीच्या दोन पिशव्या शिवल्या, एक अंगावर आणि एक उन्हात. पिशवी वर सरकू नये म्हणून खिशाचं तोंड चौबगल्याच्या विरुद्ध बाजूला ठेवलं.

तिकडं बाईंचा व्यायाम चालू होता. मुंबईच्या हॉस्पिटलात शिकवलेला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि मुंगी चढते तशी बोटं भिंतीवर चढवायची. घरच्या भिंतीवर त्या खडूनं रेघ मारत. द्वारका मला रोज बातमी आणायची, "आज रेघ कानाच्या वर गेली." "आज डोक्याच्या वर." एक दिवस म्हणाली, "आज रडल्या, पन रेघ मारली." मी ब्लाऊज तीन वेळा उसवून पुन्हा शिवला. प्रत्येक वेळी हात आधीपेक्षा वर जायचा आणि मला चौबगला वाढवावा लागायचा. उसवायचं काम मला याआधी कधी इतकं आवडलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी हेडमास्तरांनी बाईंना एक तास घेऊन दाखवायला सांगितलं. मी गणवेशाच्या कामाचं निमित्त काढून शाळेत गेलो आणि वर्गाच्या व्हरांड्यात उभा राहिलो. हेडमास्तर मागच्या बाकावर बसले होते.

बाई आत आल्या. पदर खांद्यावरून घेऊन कंबरेला खोचलेला. दोन्ही हात मोकळे. त्यांनी कंपास उचलला, डाव्या हातानं टोक दाबलं आणि उजवा हात फिरवायला सुरुवात केली. खालून बाजूला, बाजूनं वर. सगळा वर्ग वर्तुळ बघत होता. मी एकटा काख बघत होतो. चौबगला उघडला, हात अगदी माथ्यावर गेला, तिकडून खाली आला, आणि खडू निघाला होता तिथंच येऊन टेकला.

हेडमास्तर मागून म्हणाले, "बाई, जरा मोठं काढता? मागच्या बाकांना दिसलं पाहिजे."

परीक्षाच होती ती. बाईंनी वळून विचारलं, "किती मोठं, सर? फळा पुरेल एवढं चालेल?"

मुली खदखदून हसल्या. बाईंनी फळ्याच्या वरच्या काठाला टेकेल असं वर्तुळ काढलं. टाचा उचलाव्या लागल्या, पण काढलं. खांदा सरळ, ब्लाऊज जागच्या जागी, मोहरीही जागच्या जागी. हेडमास्तर उठले, म्हणाले, "चालू द्या," आणि बाहेर पडले. मला पाहून विचारलं, "तुम्ही इथं काय करताय?" मी डोळे पुसत होतो.

भूमिती बाईंकडंच राहिली. मुंबईला तपासणीला जात, तिथं आणखी दोघीतिघींनी ब्लाऊज पाहिला आणि पत्ता घेतला. त्यांचीही मापं आली, सगळी हात वर करून घेतलेली. धंद्याचा धडा म्हणाल तर एवढाच, की अंदाज हा आळसानं आणि भीतीनं आणलेला पाहुणा आहे. त्याला दुकानात बसवू नये.

पण काम जमलं म्हणून मनातलं गेलं नाही. लोक माझं कौतुक करायला लागले तसं ते जास्तच टोचायला लागलं. सुट्टीनंतर बाई आणखी दोन ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या. बाकावर गिऱ्हाइकं होती. मी गळ्यातला टेप काढून काउंटरवर ठेवला.

"बाई, एक बोलायचं हाय."

बाईंना ते कसं कळलं कोण जाणे. हळूच म्हणाल्या, "असू द्या, मास्तर. लोक बसलेत."

"तवाबी लोक बसले व्हते, बाई."

बाकावरची माणसं आमच्याकडं बघायला लागली.

"कापड आटलं न्हवतं. तुम्ही माप घ्या म्हनालात आन् मी घेतलं न्हाई. रोग लागंल म्हणून भ्यालो. तुमचं कापड बेतून हात धुतले. आन् त्या भ्याबिगर दुसरं काहीच मनात न्हवतं, असंबी छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई मला. तुमचं कातडं सोललं, वर्ग गेला, ते माझ्यापायी. मी चुकलो, बाई. मला माफ करा."