आईचा दमा, माझी छाती

धुळ्यात गिरणीत लागलो तेव्हा सरकारी विम्याच्या दवाखान्याचं कार्ड मिळालं. मला अक्षर ओळखू येत नाही. कार्ड माझं, म्हणजे औषधपाणीही माझ्यापुरतंच, असं मी धरून चाललो.

एका सकाळी म्हाताऱ्या आईला एवढा दम लागला की तिला बोलताही येईना. तिला ओट्यावर बसवलं आणि दवाखान्याकडे पळालो. रांगेत माझा पाय एका जागी ठरेना. नंबर लागताच म्हटलं, "साहेब, मला लई दम लागतो."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. पळत आलेलो, धापा टाकतच होतो. मनात म्हटलं, जमलं! तर त्यांनी सुई भरायला घेतली. आता ही माझ्या दंडात गेली तर आईला काय उपयोग?

"साहेब, गोळ्याच द्या. सुई घरी नेता येत नाही."

"घरी कोणासाठी न्यायची?"

मग बठ्ठं खरं खरं सांगून टाकलं. त्यांनी कार्ड उघडून माझ्यापुढे धरलं. "अरे भाऊ, आईचं नाव लिहिलंय यात. घेऊन ये तिला, पळ!"

हातगाडीवर घालून आणली. सुई लागली, श्वास जरा शांत झाला, तशी ती पहिलं वाक्य बोलली, "इतला दिन मन्हं नाव तुन्हा खिसामा व्हतं, आन् तुलेच मालूम नही?"