एलादियोचा माफीनामा ऐकायला मानपाड्यात

व्यासपीठावरून बारा वर्षं मी एक गोष्ट सांगत आलोय. एलादियो, मेक्सिकोचा गायक आणि नट. ऊसतोड मजुराचा मुलगा. आधी जत्रेत गायला, मग रेडिओवर, मग सिनेमात घोड्यावरचा नायक झाला. साखर कारखान्याच्या संपकऱ्यांसमोर तो गायला, तेव्हा निर्माते म्हणाले, माफी लिहून दे. त्याने सिनेमा कायमचा सोडला. "तो वाकला नाही!" इथे हमखास टाळ्या.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून फोन आला. "सर, भाषण मोबाइलवर ऐकलं. भाषण फर्स्टक्लास, पण गोष्ट चुकीची. घरी या, दाखवतो." हे तांबेकाका, मालवाहू बोटीच्या इंजिनरूममधून निवृत्त झालेले. रविवारी संध्याकाळी कल्याणला कामगारांपुढे माझं भाषण होतं आणि आयोजकांना नेमकी हीच गोष्ट हवी होती. म्हणून सकाळीच निघालो.

घोडबंदर रोडवरून जाणार असाल तर रविवारीही आठच्या आत बाहेर पडा. मी उशीर केला आणि माजिवड्यापर्यंतच तास गेला. तिथून भिवंडीमार्गे कल्याणची बस, पुढे डोंबिवलीच्या मानपाड्याला रिक्षा. भाडं आधी ठरवा.

"संडेला एमआयडीसीत काय काम, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गाणं ऐकायला चाललोय."

"इकडे? इकडे फक्त कंपनीचा भोंगा ऐकू येतो."

तांबेकाकांच्या दोन खोल्यांत बुद्धमूर्तीशेजारी टेपरेकॉर्डर होता. काकूंनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे केली. एवढ्यासाठीसुद्धा मानपाड्याला जावं.

"बोटीवरून घरी पत्र नाही यायचं," काकू म्हणाल्या. "पेटी उघडली की आत हा मिशीवाला!"

"अगं, त्यांना बघू दे," म्हणत काकांनी सिनेमांची जुनी पत्रकं जमिनीवर मांडली. पहिल्या पाचांवर एलादियोचा चेहरा पानभर. मग मोठा खंड. त्यानंतरच्या पत्रकांवर त्याचा चेहरा नाही. नाव अगदी तळाला, बारीक अक्षरांत.

"परत आला?" मी विचारलं.

"आला. नायकाचा नोकर, गाडीवान, दारुडा, मिळेल ते केलं. त्याच्यामागे अकरा जण वाजवणारे होते, त्यांची पोरंबाळं होती. माफी लिहून दिली, सर. मी त्याला म्हातारपणी व्हेराक्रूझ बंदरात ऐकलाय, खानावळीत गायचा. तिथेच टेप केलं हे."

टेपमध्ये ताटांचा आवाज, मग एक फाटका, थकलेला आवाज. तो आधी काहीतरी बोलतो. बंदरांत शिकलेल्या मोडक्या स्पॅनिशवरून काकांनी सांगितलं, "म्हणतो, हे गाणं गायल्याबद्दल मी माफी लिहून दिली होती. आता ऐका. दर वेळी आधी हे सांगायचा, मगच गायचा."

"म्हणजे शेवटी हरला," मी म्हणालो.

काका तडकले. "तुम्ही कधी अकरा घरं चालवलीत?"



कल्याणला जाताना मी स्वतःशी भांडत होतो. जुनी गोष्ट पेटवते, आणि लोकांना पेटवणं हेच माझं काम. पण खोट्याच्या आधाराने जो लढा उभा करायचा, तो कशासाठी?

सभागृह भरलेलं होतं. मी गोष्ट पूर्ण सांगितली, माफीसकट. इतकी वर्षं चुकीची सांगितली, तेही सांगितलं. आणि बजावलं की माफी लिहून घेणारा गुन्हेगार असतो, लिहून देणारा नाही. एकही टाळी पडली नाही.

तिसऱ्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. शेजारी बसलेल्या मुलीकडे बघत म्हणाले, "आमच्या कंपनीतल्या संपात मीपण सही केलेली. घरी सांगितलेलं, की केली नाही. आज सांगतोय." मुलीने त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि मग तो सोडला नाही.

घरी येऊन दोन दिवस झाले. मेक्सिको मी पाहिलेला नाही आणि आता पाहायची तशी घाईही नाही. मनात फिरतात ते माझे जुने श्रोते. "तो वाकला नाही!" असं मी गरजायचो, तेव्हा त्यांच्यातल्या किती जणांनी मान खाली घालून टाळ्या वाजवल्या असतील?