अत्याच्या पाठीवरचा खिसा

मेलेल्या माणसाचे सदरे कापायचे ठरले होते. मी जिवंत माणसाचे कापले.

हे असं एका वाक्यात सांगितलं की फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याला माझी सगळी विद्या पणाला लावावी लागली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि कुंभकोणमच्या तळ्याजवळच्या बायकांच्या शिवणवर्गात जात होते. तिथे कापड परवडत नसल्यामुळे आम्ही जुन्या वर्तमानपत्रांची पोलकी बेतत असू. माझी पोलकी सुरेख बसत. (ती कुणी अंगात घालत नसे, हे एक कारण असावं.)

अंबुजाअत्या ही अप्पांची धाकटी बहीण. तिचे यजमान व्यंकटराव त्रिचीला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते विषमज्वरानं गेले तेव्हा अत्या सव्वीस वर्षांची होती. एक पत्र्याची पेटी आणि एक अंथरूण घेऊन ती आमच्याकडे परत आली आणि मागच्या खोलीत बसली. बसली म्हणजे बसलीच! एकदा जेवायची, विचारलं तेवढंच बोलायची. सकाळी ती विहिरीवर गेली की कामाला निघालेले शेजारचे काका चप्पल काढून पुन्हा आत जाऊन बसत, अपशकुन टळेपर्यंत. अत्याला ते कळलं तेव्हापासून ती उजाडण्याआधीच पाणी भरून घेऊ लागली. काका वेळेवर कामाला जाऊ लागले. प्रश्न मिटला!

आमच्या गल्लीत सगळी मराठी घरं. राजेलोकांच्या मागोमाग पूर्वज इकडे आले, राजे संपले, आम्ही उरलो. तेव्हाची भाषा आम्ही जपून ठेवली. कुणी मेलं तरी 'काय झालं?' म्हणणार नाही, 'काय जाहलं?' म्हणणार. तेव्हाचे नियमही जपून ठेवले. त्यांतला एक असा की विधवेनं पोलकं घालायचं नाही. दुसरा असा की तिच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. पहिलं वर्षभर तर नाहीच, आणि वर्षानंतर मुळीच नाही.

अप्पा शाळेत भूगोल शिकवत. जगातली कुठली नदी कुठे उगम पावते हे त्यांना पाठ होतं. घरातलं भांडण कुठे उगम पावतं हे कधी कळलं नाही. पण त्या वर्षी त्यांनी एक धाडस केलं. अत्या मॅट्रिक झालेली होती. तिला मास्तरणीच्या शिक्षणाला त्रिचीला पाठवायचं त्यांनी मनात घेतलं. अत्याला विचारलं तेव्हा तिनं निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "तिथं विहीर कोठे आहे?"

"विहीर कशाला पाहिजे?"

"सकाळी लोक बाहेर पडतात तेव्हा मी कोठे उभी राहू ते ठाऊक असावं, म्हणून."

अप्पा उठून बाहेर गेले. अम्मा म्हणाली, "तिथं नळ आहे गो, नळ!" आणि पदरानं नाक पुसलं.

आता दोन अडचणी होत्या. एक, तिच्या सासऱ्यांचा होकार. दोन, पोलकं, कारण त्या शाळेत पोलक्याशिवाय उभं करणार नाहीत. दोन्हींवर अम्मानं एकच तोड काढली.

"पेटीत तिच्या यजमानांचे सदरे आहेत. त्यांचंच पोलकं करायचं. कापड नवं नाही, परक्याचंही नाही. लेकाच्या सदऱ्याचं पोलकं पाहून मामंजींना काय बोलता येईल?"

"पण शिवणार कोण?" अप्पा म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून नम्रपणे हसले. (ती नम्रता मला पुढे फार महागात पडली.)

मामंजी, म्हणजे अत्याचे सासरे स्वामीराव, मन्नारगुडीहून मुलाच्या वर्षश्राद्धासाठी येणार होते. श्राद्ध मुलानं बापाचं करायचं असतं. व्यंकटरावांना मूल नव्हतं, भाऊ नव्हता. म्हणून बापच मुलाचं करायला आला. थोराड, भरदार अंगाचे गृहस्थ. बसमधून उतरून आले, ओट्यावर बसले, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "ऊन फार." त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी काही बोलले नाहीत. त्यांच्याजवळ दोनच सदरे होते, निळ्या बारीक रेघांचे. घरात ते उपरण्यावर असत. तेव्हा दोन्ही सदरे मुनियान परटाकडे धुवायला गेले.

त्याच दिवशी पेटीतले व्यंकटरावांचे सदरेही, वर्षभर दडपून कुबट झाले म्हणून, मुनियानकडे गेले. तेही दोन. तेही निळ्या बारीक रेघांचे! बापलेक एकाच चणीचे, तेव्हा मापातही फरक नाही. मला हे जरा नवल वाटलं. पण मी तेव्हा सुईत दोरा ओवत होते, नवल करत बसायला वेळ नव्हता.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी मुनियान दोन गाठोडी घेऊन आला. अम्मा सोवळ्यात, अप्पा भटजींकडे. मी मशीनला तेल घालत होते. मुनियाननं ओट्यावर दोन्ही गाठोडी ठेवली आणि तमिळमध्ये बजावलं, "उजवीकडचं मोठ्या अय्यांचं, डावीकडचं जुनं."

"सरि, सरि," म्हणजे बरं, बरं, मी म्हटलं.

आता तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याचं उजवं ते माझं डावं, हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. मी माझं डावं उचललं आणि आत नेऊन दोन्ही सदऱ्यांवर कात्री चालवली.

कापड कापताना वर्तमानपत्रासारखा आवाज येत नाही, त्यामुळे मी बावरले. त्या भरात मी दोन्ही पुढे, म्हणजे छातीवरचे भाग, एकाच बाजूचे बेतले. दोन्ही डावे! एक वाया गेला. मग पाठीचं कापड आणलं पुढ्याला, आणि पाठीला उरली ती सदऱ्याची छाती, खिशासकट. खिसा उसवला तर खाली गडद चौकोन राहणार. म्हणून राहू दिला. खिशावर एक तपकिरी डाग होता, धुऊनही न गेलेला. व्यंकटराव बिचारे घाईघाईनं कॉफी पीत असतील असं मला वाटलं आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

संध्याकाळी अम्मानं पोलकं उलटसुलट करून पाहिलं. "सुंदरे, पाठीला खिसा कशाला गो?"

"पदराखाली कोण पाहणार?"

"आणि ही बाही अशी का वळली?"

"आतल्या बाजूनं पाहिली तर सरळ आहे."

पोलकं घेऊन अत्या मागच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. ती बाहेर येईना तेव्हा मी फटीतून पाहिलं. ती पोलकं मांडीवर पसरून त्या निळ्या रेघांवरून एका बोटानं, सावकाश, हात फिरवत होती. मी आपली मनात माझ्या शिलाईचं कौतुक करत परत आले.

श्राद्ध झालं. बापानं मुलाला पिंड दिला. त्या दिवशी आमच्या घरात भांड्याचासुद्धा आवाज झाला नाही. दर्भ हातातून काढल्यावर मामंजी तसेच पाटावर बसून राहिले. भटजींनी दोनदा "उठावं" म्हटलं, तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते निघणार होते. बेत ठरलेला: मामंजी कॉफी घेतील, अप्पा विषय काढतील आणि अत्या ते पोलकं घालून नमस्काराला बाहेर येईल. लेकाचं कापड पाहून म्हाताऱ्याचं मन द्रवेल. अम्मानं हे सगळं मला इतक्यांदा समजावलं की मला वाटलं आपण नाटकच बसवतोय.

अप्पांनी घसा खाकरला. "मामा, अंबुजाबद्दल थोडं बोलायचं..."

"आधी सदरा द्या," मामंजी म्हणाले. "उघड्या अंगानं काय बोलायचं?"

मी धावत जाऊन दुसरं गाठोडं आणलं आणि अदबीनं पुढे ठेवलं. त्यांनी वरचा सदरा झटकला, एक हात बाहीत घातला आणि थांबले. खिशाच्या तळाशी शाईचा निळा ठिपका होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"हा माझा नव्हे."

"तुमचाच, मामंजी," मी ठणकावून म्हटलं.

"हा व्यंकटाचा आहे. शाईचं पेन उघडं ठेवायची खोड होती त्याची."

अम्मा म्हणाली, "मुनियाननं घोटाळा केला असेल! त्याला बोलवा कुणी."

अप्पा म्हणाले, "गाठोडी बदलली असतील. दुसरं गाठोडं आण पाहू, सुंदरे."

दुसरं गाठोडं! दुसरं गाठोडं कुठे होतं ते मला ठाऊक होतं. त्याची अर्धी चिंधी मशीनखाली होती आणि उरलेलं अर्धं त्या क्षणी स्वयंपाकघरातून बाहेर येत होतं!

मी अत्याला हातानं 'नको, नको' केलं. तिला वाटलं पदर नीट घे म्हणते आहे. तिनं पदर नीट घेतला. मी डोळे मोठे केले. तिला वाटलं लवकर ये म्हणते आहे. ती लवकर आली, मामंजींच्या पुढे वाकली, आणि वर्षभर धुऊन धुऊन विरलेला तो पांढरा पदर खांद्यावरून घसरला.

तिच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, बरोबर म्हाताऱ्याच्या नाकासमोर, तपकिरीच्या डागासकट तो खिसा!

मामंजी वाकले. डाग पाहिला. आपल्या कमरेची तपकिरीची डबी चाचपली. मग अगदी शांतपणे विचारलं:

"अंबुजे, तुझ्या पाठीवर माझा खिसा काय करतो?"

अत्या वाकलेलीच राहिली. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. अम्मा म्हणाली, "अय्यो देवा!" आणि मी जे बोलले ते मला आजही झोपेत आठवतं. मी म्हटलं, "मामंजी, दुसरा खिसा पण आहे. तो वाया नाही गेला."

मग त्यांनी उरलेलं मागितलं. मी मशीनखालून तुकडे आणून त्यांच्यापुढे ठेवले: दोन कॉलर, चार मनगटपट्ट्या, दुसरा सुटा खिसा, तो वाया गेलेला डावा पुढा. एकेक तुकडा त्यांनी मांडीवर घेतला, सुरकुत्या काढल्या. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पहिल्या पगाराचं कापड," ते म्हणाले. "एकाच ताग्यातलं. दोन सदरे त्याला, दोन मला. शिंपी म्हणाला, माप एकाचंच घेतलं तरी चालेल. तो किती हसला होता... तो गेल्यापासून मी हे घालीत नव्हतो. कालच्या दिवसासाठी म्हणून आणले."

हे ते आम्हाला सांगत नव्हते. त्या तुकड्यांना सांगत होते. तपकिरीची चिमूट त्यांनी काढली, पण ओढली नाही. ती बोटांत तशीच राहिली.

तेव्हा अत्या उठून उभी राहिली. पदर तिनं सावरला नाही. वर्षभरात तिनं सासऱ्यांशी एक शब्द काढला नव्हता. आता ती सरळ त्यांच्याकडे पाहून बोलली.

"मामंजी, तोच घाला. त्यांचाच."

"बापानं लेकाचा घालावा?"

"लेक असता तर त्यानंच काढून दिला असता. म्हणाला असता, अप्पा, बस चुकेल."

मामंजींनी दुसरा हात बाहीत घातला. गुंड्या त्यांनी खालून वर लावत आणल्या. वरची गुंडी अत्यानं लावून दिली. सदरा असा बसला की शिंप्याचं म्हणणं खरं निघालं. मग त्यांनी दुसरा सदरा पिशवीत ठेवला, ते तुकडेही ठेवले आणि चालू लागले. अप्पा मागोमाग धावले. "मामा, तो त्रिचीचा विषय..."

"बस चुकेल," मामंजी म्हणाले.

झालं! विषय संपला असं आम्ही समजलो. अम्मा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा वाटलं की न बोलणं बरं होतं. अप्पांनी नकाशांत तोंड खुपसलं. शिवणवर्गाच्या बाईंना सगळी हकिकत कळली होती (आमच्या गल्लीला तार लागत नाही). त्यांनी मला काजं करायला बसवलं. अत्या मात्र ते पोलकं घालूनच वावरू लागली. आणि एके सकाळी चांगलं उजाडल्यावर घागर घेऊन विहिरीवर गेली. शेजारचे काका चप्पल काढून आत गेले. अत्यानं घागर भरली, रहाट सावकाश थांबू दिला आणि सावकाश परत आली. त्या दिवशी काकांना कामाला उशीर झाला.

पावसाळ्याच्या तोंडी मन्नारगुडीचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. घरच्या लग्नासाठी नाचियारकोविलला समया घ्यायला निघाले होते, वाटेत स्वामीरावांचा निरोप घेऊन आले. ओट्यावर त्यांनी एक पुडकं ठेवलं. आत पांढरं कापड होतं. कोरं करकरीत, खळ असलेलं, नवं कापड! अम्मानं ते हातात घेतलं आणि चटका बसल्यासारखं खाली ठेवलं.

"हें कोणास?"

"सुनेस. त्रिचीच्या शाळेला जाईल तेव्हा लागेल म्हणाले. लोक काही बोलले तर माझ्याकडे पाठवा म्हणाले."

अत्या दारात उभी होती. तिनं पुडकं उचललं, छातीशी धरलं आणि मागच्या खोलीत गेली. या वेळी तिनं दार लोटलं नाही. अप्पा चष्मा पुसत होते. किती तरी वेळ पुसत होते.

"आणखी एक सांगितलंय," गृहस्थ म्हणाले. "शिंप्याकडून शिवून घ्या. घरात एक मुलगी आहे, तिच्या हाती लागू देऊ नका."

मला जरा लागलंच. म्हटलं, "माझं नाव घेतलं का हो त्यांनी?"

"नाव नाही घेतलं," ते म्हणाले. "पण वर्णन असं केलं होतं की मी घर विचारत गल्लीत शिरलो, ओट्यावर तुज पाहिलं आणि म्हटलं, आता विचारायला नको. घर हेंच!"