बाबांच्या डोक्यात औषध

धानाची शेती करणारे, नागभीडजवळच्या आमच्या गावच्या विहारात वर्षानुवर्षं वंदना सांगणारे माझे बाबा विसरभोळे होता होता आजारीच झाले आणि मला, पोटच्या पोरीला, ‘बाई’ म्हणू लागले. परक्या बाईला आदरानं म्हणतात तसं. मला राग यायचा, आणि आजारी माणसाचा राग येतो याची लाजही वाटायची.

मग मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी सुरू असल्याचं कळलं. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, बहुतेक औषधांना आत जाऊच देत नाहीत. म्हणून रक्तात अगदी बारीक बुडबुडे सोडायचे आणि डोक्याबाहेरून ध्वनिलहरी नेमक्या जागी एकवटायच्या. बुडबुडे थरथरतात, भिंत काही तास जराशी उघडते, तेवढ्यात औषध आत. मी म्हटलं, धानाच्या बांधीत पाणी घ्यायला कडेचा मातीचा धुरा फोडतो आणि मग बुजवतो, तसं? डॉक्टर हो म्हणाले, पण त्यांना धुरा कळला असावा असं वाटत नाही. आई म्हणाली, “मी जलमभर वरडून राह्यली, याइच्या डोक्यात काई शिरलं नाई.”

गुण येईलच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला एवढंच हवं होतं, की बाबांनी मला एकदा ओळखावं.

उपचारासाठी त्यांच्या डोक्याचा पार गोटा केला. परतताना गार लागू नये म्हणून आईनं स्वतःची बदामी शाल त्यांना गुंडाळली आणि तिथंच घोटाळा झाला. उपचाराला जातोय हे आम्ही गावात कोणाला सांगितलं नव्हतं. गोटा आणि चीवरासारखी दिसणारी शाल बघून वस्तीनं ठरवलं, बाबा शिबिरात श्रामणेर, म्हणजे काही दिवसांचे भिक्खू, होऊन आले. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत पाच घरांतून जेवण आलं, कारण भंतेजी बारानंतर जेवत नाहीत. बायका गुडघे टेकून ‘वंदामि भंते’ म्हणू लागल्या. खुलासा करायला मी तोंड उघडलं, तोच बाबांनी पंचशील सुरू केलं. एक शब्द चुकला नाही.

औषध आत पोचलं होतं, की ही जुनी सवय बोलत होती? दुपारी डॉक्टरांनी फोनवर विचारलं, काही फरक? मी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग फोन आईच्या हातात दिला.

संध्याकाळी नवीनच पंचाईत. गोळी जेवणानंतरची, आणि बाबा ताटाला हात लावेनात. बारा कधीच वाजून गेले, म्हणाले. मी समजावलं, मी चिडले, शेवटी बाकीच्यांसारखी मीही गुडघे टेकून बसले. त्यांनी आशीर्वाद दिला आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“तुमच्या घरी कोणी बिमार आहे का, बाई?”

“माहे बाबा आहेत. जेवून नाई राह्यले.”

“त्याइले सांगा, बिमार माणसाले बाराचा नेम नसते.”

मी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वरणात भात कालवला, दोन घास खाल्ले आणि थांबले. तुमच्या बाबांचं नाव काय, म्हणाले. मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं.

“नाव ओळखीचं वाटून राह्यलं,” ते म्हणाले.