अण्णांचं कुलूप

मागच्या महिन्यात एका रविवारी आकुर्डीला एका घरी नवीन विंडोज टाकायला गेलो होतो. काम तसं रोजचंच... पण तेव्हापासून दुपारी दुकानात बसलो की एक कान फोनकडे असतो.

माझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. त्याआधी भोसरीत लेथवर होतो, तिथे कान तयार झाले. बेअरिंग गेलंय की बेल्ट ढिला झालाय, ते बघायच्या आधी ऐकू येतं. माणसांचंही थोडंफार येतं... ते दुरुस्त करता येतंच असं नाही.

घर अण्णांचं, गावठाणातलं. आयुष्यभर एकाच कंपनीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. काकू गेल्यापासून एकटेच असतात. मुलगी स्मिता मोशीला राहते, तिनेच मला बोलावलं होतं.

झालं होतं असं, की ‘तुमचं विंडोज जुनं झालंय, धोका आहे’ असं सांगून एकाने अण्णांना फोन केला आणि मदत करतो म्हणत त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरला. बरेच दिवस गोड बोलून मग खात्यावर हात घातला. बँकेने ऐनवेळी व्यवहार अडवला म्हणून वाचले.

"सगळं पुसून टाका दादा. आणि असं काहीतरी करा की ह्यांना त्यात काहीच टाकता येणार नाही," स्मिता म्हणाली. अण्णा शेजारच्या खुर्चीतच होते. तिने आवाजही कमी केला नाही.

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. दांड्याभोवतीचा बुश झिजला होता, कधीचाच. मेंटेनन्सच्या माणसाच्या घरात पंखा कुरकुरतो...

आधी काकूंचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घेतले. मग डिस्क कोरी केली आणि नवीन विंडोज टाकलं. लोकांना वाटतं इथे काम संपलं, पण खरं काम इथून पुढे असतं... अपडेट, अँटिव्हायरस, फायरवॉल, बॅकअप. ब्राउझरमधल्या त्या लाल लाल घाबरवणाऱ्या जाहिराती बंद केल्या.

शेवटी खाती दोन केली. सगळे अधिकार असलेलं स्मिताच्या नावाने, साधं अण्णांच्या नावाने. म्हणजे अण्णांना काही नवीन टाकायचं झालं की लेकीचा पासवर्ड लागणार. आजकाल असंच करावं लागतं, आणि त्यात चूक काही नाही.

"अण्णांचा पासवर्डही मीच ठरवते," स्मिता म्हणाली. "त्यांच्या लक्षात राहत नाही."

तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. तिच्याशी नाही, माझ्याशी. "कंपनीत मशीन दुरुस्तीला बंद केलं की मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं. चावी आपल्या खिशात. चार जण आत असले तर कुलपं चार. साहेब आला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावीत न्हाई."

"अण्णा, हे काय मशीन आहे का?"

"व्हय, मशीन न्हाई," अण्णा म्हणाले. "पण आत मी हाय."

मी खुर्चीतून उठलो आणि अण्णांना तिथे बसवलं. "ताई, मोठं कुलूप तुमच्याकडे आहेच," म्हटलं, "हे छोटं त्यांचं त्यांना लावू द्या." तिला ते पटलं नाही. चहा टाकायला म्हणून आत गेली.

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे अण्णा एका बोटाने टाइप करत होते, फार सावकाश, ते कानावरून कळत होतं. मध्ये थांबले, पुसलं, परत सुरू केलं... मग एंटर.

आतला गॅस पेटल्याचा आवाज आला तसं अण्णांनी हळूच विचारलं, "माझ्या मोबाइलवरचा त्या पोराचा नंबर पण बंद केला का?"

केला होता. स्मितानेच आल्याआल्या करायला लावलं होतं.

"रोज जेवण झालं की फोन यायचा त्याचा. जेवलात का, गोळी घेतली का, सगळं विचारायचा. मग कॉम्प्युटरचं..." ते थांबले. "चोर होता. कळलंय मला. पण विचारायचा."

मी वायर गुंडाळत राहिलो. चहा आला, तो प्यायलो. निघताना म्हटलं, "काही अडलं तर दुपारी फोन करा, मी मोकळाच असतो." खरं तर दुपारी माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाला. "अपडेट आलंय, करू का?" करा अण्णा. "रिस्टार्ट मागतंय, देऊ का?" द्या. उत्तर त्यांना आधीच माहीत असतं, ते आवाजावरून कळतं.

एकदा मी सहज विचारून गेलो, "जेवलात का?" पलीकडे नुसता पंखा कुरकुरत होता. मग "जेवलो" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर माझ्या लक्षात आलं, मी कुणाचं वाक्य बोललो ते.

काल फोन आला नाही. गिऱ्हाईक समोर होतं, तरी माझा कान तिकडेच. शेवटी मीच लावला. बिझी. थोड्या वेळाने परत लावला... बिझीच.

स्मिताशी बोलत असतील, असं म्हणून मी तिला मेसेज टाकला, ‘ताई, अण्णांशी बोलताय ना?’ तिचं उत्तर आलं, ‘नाही दादा, मीटिंगमध्ये आहे. काही प्रॉब्लेम?’

आज दुकान बंद ठेवून आकुर्डीला निघालोय. पंख्याचा बुश बरोबर घेतलाय, जायला काही निमित्त हवं म्हणून.

तुमच्या घरी दुपारी एकटं कुणी बसत असेल, तर जेवणानंतर एक फोन करत जा राव... आपण नाही केला, तर दुसरं कुणीतरी करतं.