चौथ्या मजल्याचं मत

माझ्या ऐन उमेदीची वर्षं हिंजवडीत बसून युरोपातल्या विजेची काळजी वाहण्यात गेली. हसू नका, त्याचा पगार मिळायचा. पुण्यात ज्या पोरींना डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं नसतं आणि नुसतं बी.ए.ही म्हणवून घ्यायचं नसतं, त्या जर्मन शिकतात. मीही शिकले. बरीच वर्षं त्या जर्मनला कुणी विचारलं नाही. मग सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं आणि अचानक भाव आला. आमच्या कंपनीचं एक गिऱ्हाईक म्हणजे तिकडची एक वीज कंपनी. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारी पोरं निराळी होती. त्यांना काय लिहायचंय ते समजावं म्हणून तिकडून येणारे धोरणांचे गठ्ठे मी इंग्रजीत करून द्यायची.

त्या गठ्ठ्यांमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीनच गोष्टींची ओढाताण. एक, तेवढंच काम कमी विजेत व्हायला हवं. दोन, वीज कुणाचीही, कधीही तुटता कामा नये. तीन, हवेत धूर कमी जायला हवा. आणि हे तिन्ही एकदम हवं! कोळसा बंद करावा तर थंडीत जाळायचं काय? गॅस आणावा तर तो दुसऱ्याच्या हद्दीतून यायचा. एका हिवाळ्यात त्या दुसऱ्यानं खरंच नळ आवळला. त्यानंतर आलेल्या कागदांत तिन्हींचा क्रम बदलला. आधी हवामानाचं नाव पहिलं असायचं, आता पुरवठ्याची खात्री पुढे येऊन बसली. भाषांतर करणाऱ्याला असं काही लगेच दिसतं. मला त्या वेळी गंमत वाटली, बाकी काही नाही.

हे सगळं करून कंपनीच्या बसमधून धूर खात कर्वेनगरला घरी पोचावं, तर लाइट गेलेले. लोडशेडिंगचे दिवस होते ते.

घरी आई, बाबा आणि मी. लग्न मी केलं नाही, त्याची चर्चा इथे नको. बाबा एका कारखान्याच्या विजेच्या विभागातून निवृत्त झालेले. खोलीतून कुणी बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा बंद करायचा, हा त्यांचा बाणा. कित्येकदा आई आतच असायची.

"अहो, मी आहे इथे," ती अंधारातून म्हणायची.

"मग बोलायचं नाही का?" म्हणून बाबा पुन्हा दिवा लावणार, आणि वर तिलाच बोलणार.

जेवताना ते मला विचारायचे, "आज काय म्हणतोय तुझा युरोप?" मी सांगायची. त्यांना ऐकायला मनापासून आवडायचं. मी दमलेली असायची, पण सांगायची. "म्हणजे थोडक्यात काटकसर," ते म्हणायचे.

"काटकसर नाही हो बाबा. घर तेवढंच उबदार राहिलं पाहिजे, वीज मात्र कमी लागली पाहिजे. माणसानं कुडकुडायचं नाही, हे त्यात मुख्य आहे."

"अगं, थोडं कुडकुडलं म्हणून काय मरतो का माणूस?"

"मग बसा कुडकुडत," असं म्हणून मी पानावरून उठायची.

आमच्या लोकांचा हा जुना घोळ आहे. एखादी गोष्ट जपून वापरणं वेगळं आणि तिच्याविना दिवस काढणं वेगळं, हे आमच्या डोक्यात शिरत नाही. उलट तिच्याविना काढले तर आमची कॉलर अधिक ताठ होते. बाबा त्यातले मेरुमणी. पण सोसायटीत त्यांना मान होता, कारण गच्चीवर सोलर बसवा म्हणून ते एकटे भांडले होते आणि आता सगळी बिल्डिंग त्या गरम पाण्यानं आंघोळ करत होती.

अशात लिफ्टसाठी जनरेटर घ्यायचा ठराव आला. तो मांडला तिसऱ्या मजल्यावरच्या विदर्भातल्या पोरानं. तोही आयटीतलाच, पण माझ्यासारखा कागदी नव्हे, खरा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. बाबा उभे राहिले ते बसेचनात. डिझेल जाळायचं, धूर सगळ्या गल्लीनं प्यायचा, कशासाठी? तर दोन-अडीच तास चार जिने चढायचा कंटाळा म्हणून! "युरोपात लोक आपण होऊन वीज कमी वापरतात. माझी मुलगी रोज वाचते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

तो पोरगा म्हणाला, "काका, धुराचं तुमचं बरोबर आहे. पण आमच्या गावात दिवस-दिवस लाईन नसते. सवय होते असं सांगून राहिले लोक, पण सवय-बिवय काही होत नाही बाप्पा. तुम्ही काकूंना विचारा ना. त्यांचे गुडघे किती दुखतात, मी पाहतो ना रोज."

आईचे गुडघे पार गेले होते. चढणं जमायचंच नाही, उतरणं त्याहून वाईट. लिफ्ट चालू असली तर ती पुण्यात होती, नसली तर चौथ्या मजल्यावर.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. फ्लॅट आईच्या नावावर होता, तिच्या शाळेच्या फंडातून घेतलेला. म्हणजे सोसायटीची सभासद ती आणि मतही तिचंच. पण सभेत बोलायचे बाबा, आणि त्यांचं बोलून झालं की हात वर करायची आई. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. तिलाही नाही.

हात मोजले तेव्हा दोन्ही बाजू सारख्या भरल्या. चेअरमन म्हणाले, "वहिनी, तुमचं राहिलंय."

आई बाबांच्या शेजारी बसली होती. तिनं एकदा लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई स्वतःच्या बाजूनं हात वर करणार. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतके ते निर्धास्त होते. "आमचा विरोध आहे," आई म्हणाली आणि तिनं हात वर केला.

वर आल्यावर मी तडकलेच. "आई, गुडघे कुणाचे आहेत?"

"चारचौघांत यांचा शब्द खाली पाडू?"

"आणि तू पडलीस तर?"

"माझं मी बघीन. तू चहा टाक."

आमच्या कागदांमध्ये एका ग्राहकाचं फार कौतुक असायचं. वीज असेल तेव्हा तो आपली कामं उरकतो, नसेल तेव्हा थांबून राहतो, कुरकुर करत नाही. असे ग्राहक वाढले तर सगळा ताळमेळ बसेल, अशी तिकडच्या लोकांना आशा होती. आई असली ग्राहक झाली. पेपरात आलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक कापून तिनं फ्रिजवर चिकटवलं आणि आपलं सगळं जाणं-येणं त्यात बसवलं. तिचं जाणं-येणं तरी कुठलं? दर शनिवारी नारायण पेठेत मावशीकडे. मावशी तिची मोठी बहीण, एकटी राहायची, तळमजल्यावर. दोघी मटार सोलायच्या, नातेवाइकांची साग्रसंगीत निंदा करायच्या आणि पोट धरून हसायच्या. आई घरी तशी हसायची नाही.

वेळापत्रक बदललं की तिचा शनिवार बदलायचा. परतताना उशीर झाला तर लाइट येईपर्यंत ती पार्किंगमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसायची. बाबा खाली येऊन तिच्याशेजारी बसायचे, हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पण हळूहळू आई एक शनिवार गाळायला लागली, मग दोन. "फोन आहे की," म्हणायची. फोनवर मटार सोलता येत नाहीत.

मग मावशी तापानं आजारी पडली. साधाच ताप म्हणत म्हणत लांबला. एका शनिवारी सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. काही खात नाहीये, पण धाकटीच्या हातचा मेतकूट-भात खाईन म्हणतेय, तिला ये म्हणावं. आईनं लगेच कुकर लावला. मऊ भात, मेतकूट, वर तूप, सगळं डब्यात भरलं. वेळापत्रकाप्रमाणे दुपारपर्यंत लाइट होते. साडी बदलून, डबा घेऊन ती दाराबाहेर पडली आणि लाइट गेले.

वेळापत्रकातले नव्हे, असेच. कुठेतरी बिघाड झाला होता. विजेच्या ऑफिसात फोन लावला तर "काम चालू आहे." किती वेळ? "सांगता येत नाही, मॅडम."

आई कठडा धरून उतरायला लागली. चार पायऱ्यांत घामाघूम होऊन खाली बसली. तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा आवाज ऐकून वर आला. "काकू, खुर्चीत बसा, आपण उचलून नेऊ." आई लाजली, पण बसली. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. आमचा जिना अरुंद. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली आणि आई अशी ओरडली की आम्ही तिला तिथेच टेकवली. पुन्हा उचलू म्हटलं तर तिनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. सोडेचना. वरच्या पायरीवर बाबा उभे. त्यांच्या हातात डबा. ते नुसतं "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाहूच शकले नाही.

"तुम्ही जा," आई त्यांना म्हणाली. "भात गार होतोय. लाइट आले की मी येतेच, सांगा तिला."

बाबा गेले. आई जिन्यातच बसून राहिली. वर चल म्हटलं तर ऐकेना. वर गेलं आणि लाइट आलेच नाहीत तर पुन्हा तेवढ्या पायऱ्या उतराव्या लागतील, म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले. कुणी जाता-येता थांबून विचारायचं, आई पदर सावरून सांगायची, "काही नाही, जरा दमले."

लाइट आले ते चार वाजून गेल्यावर. तोवर मावशीची शुद्ध हरपली होती आणि तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. आई तिथे पोचली. तिचा हात हातात घेऊन बसली. मावशीनं डोळे उघडले नाहीत. सोमवारी ती गेली.

"काय म्हणाली हो ती?" आईनं बाबांना विचारलं.

"दोन घास खाल्ले. छान झालाय म्हणाली."

उरलेलं त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, गॅलरीत, माझ्याकडे न बघता. मावशी खाताना सारखी त्यांच्या मागे दाराकडे बघत होती. "ती येतेय ना मागून?" असं विचारत होती. "हो, येतेय," असं बाबा सांगत राहिले.

मी कामावर परत गेले. टेबलावर नवा गठ्ठा होताच. पुरवठा तुटला तर ज्यांना तो सोसवणार नाही, अशांना धोरण ठरवण्याआधी शोधलं पाहिजे, असं त्यात एक वाक्य होतं. साधं वाक्य. मी ते इंग्रजीत केलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तिकडच्यांनाही ते नीट जमलं असेल असं मला वाटत नाही. पण निदान लिहिलं तरी होतं. आमच्या पार्किंगमध्ये एका पोराला ते दिसलं, आणि आम्ही त्याला सवयीच्या गोष्टी सांगितल्या.

बाबा चुकीचं बोलत नव्हते, हे मला आजही कबूल करावं लागतं आणि करताना चीड येते. आज प्रत्येक सोसायटीला जनरेटर आहे, प्रत्येक खोलीत एसी आहे, आणि धूर कुणी प्यायचा हा त्यांचा प्रश्न तसाच आहे. त्यांचा हिशेब बरोबर होता. त्यात आई तेवढी धरलेली नव्हती. आणि आईनं स्वतःला धरायला त्यांना कधी सांगितलं नाही. दोघांपैकी कुणावर जास्त रागवावं, हे मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या सभेत जनरेटरचा ठराव बाबांनी स्वतः मांडला. कुणी टोमणा मारला नाही. पुण्यात हे घडलं, यावरून काय ते समजा. बाबा बसले, आईनं नेहमीप्रमाणे हात वर केला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

जनरेटर आला. त्यानंतर पहिल्यांदा लाइट गेले तेव्हा खालून धडधड ऐकू आली आणि बाबा लगबगीनं बाहेर गेले. लिफ्ट वर मागवून, पायानं दार अडवून त्यांनी आत हाक मारली, "अगं ऐकलंस का? चालू झाली! चल, खाली जाऊन येऊ. आता तुला हवं तेव्हा जाता येईल."

आई स्वयंपाकघरात गवार निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अहो, आता जायचंय कुठे मला?"